बाझलची थंडी, स्टॉकहोमचा छेद

हात खिशातच राहू द्या. १८७२ सालचा हिवाळा आहे, पहाटेचे पाच वाजलेत आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातल्या या खोलीत शेगडी मुद्दामच पेटवलेली नाही. खिडक्याही सताड उघड्या. टेबलावर ऱ्हाइन नदीतला सॅमन मासा पडलाय. त्याचं पोट फाडलेलं आहे आणि अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण प्राध्यापक आतला पांढरा, दुधट ऐवज काचेच्या भांड्यात उतरवून घेतोय. त्याला काही विचारायचं झालं तर मोठ्यानं विचारा, त्याचे कान अधू आहेत. पण आत्ता विचारूच नका. या कामात द्रावण पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवलं की बिघडतं आणि जरा ऊब लागली की सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून तर ही थंडी.

याचं नाव फ्रिडरिश मीशर. तीन वर्षांपूर्वी, १८६९ मध्ये, ट्युबिंगेनच्या किल्ल्यातल्या जुन्या मुदपाकखान्यात थाटलेल्या प्रयोगशाळेत त्यानं दवाखान्यातून पुवानं माखलेल्या पट्ट्या आणल्या, त्या धुतल्या आणि पेशींच्या केंद्रकातून एक नवाच पदार्थ काढला. त्याला तो ‘न्यूक्लिन’ म्हणतो. आपण डीएनए म्हणतो. त्याच्या कानात हे सांगायचा मोह आवरा.

पुवावरून हा माणूस माशावर का आला? (आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकतात, तो हा नव्हे.) समुद्रातून ऱ्हाइनमध्ये शिरलेला सॅमन प्रजननाच्या जागी पोहोचेपर्यंत काही खात नाही. अंगावरचं मांस झिजत जातं आणि त्याच सामग्रीवर मादीची गाबोळी आणि नराचं वीर्य तयार होतं. हिवाळ्याच्या तोंडाशी नराच्या पोटात कोट्यवधी शुक्राणूंखेरीज दुसरं जवळजवळ काही नसतं. रसायनशास्त्रज्ञाला याहून शुद्ध माल कुठे मिळणार? मीशर त्यावर विरळ आम्ल टाकतो, शेपट्या विरघळतात, डोकी तेवढी तळाशी उरतात. शुक्राणूचं डोकं म्हणजे केंद्रकच, दुसरं काही नाही.

जरा थांबा, कारण पुढची गोष्ट पाठ्यपुस्तकं एका ओळीत उरकतात. त्या डोक्यांत न्यूक्लिन आहे, ते त्याला अपेक्षितच होतं. पण न्यूक्लिन आम्लधर्मी आहे, आणि त्याला घट्ट धरून बसलेला दुसरा एक नायट्रोजनयुक्त, अल्कधर्मी पदार्थ त्याच्या हाती लागतोय. १८७४ मध्ये तो हे छापेल आणि त्या पदार्थाला ‘प्रोटामाइन’ म्हणेल. हे एक प्रथिन आहे, हे पुढे आल्ब्रेश्ट कोसेल यांच्यासारख्यांच्या कामातून उलगडत गेलं. प्रथिन तरी किती लहान! सॅमनच्या प्रोटामाइनमध्ये ३२ अमिनो आम्लं आणि त्यांतली २१ एकच, आर्जिनिन. आर्जिनिनवर धन विद्युतभार, डीएनएवर ऋण. दोघं भेटले की सुटत नाहीत.

या पदार्थाशी तुमची ओळख नसेल असं समजू नका. उघड्या हृदयाची शस्त्रक्रिया संपत आली, की रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपारिनचा असर उतरवायला भूलतज्ज्ञ प्रोटामाइनच टोचतात. घरच्या फ्रिजमध्ये दुधाळ इन्सुलिनची बाटली असेल, हातात घोळवून वापरायची ती, तर त्या गढूळपणातही प्रोटामाइन आहे. इन्सुलिन सावकाश सुटावं म्हणून ते घालतात. ऋण भार दिसला की चिकटायचं, एवढाच त्याचा स्वभाव, आणि माणसानं तो हृदयालाही कामाला लावला, मधुमेहालाही. मीशरला यातलं काही कळणार नाही. १८९५ मध्ये दावोसला क्षयानं तो जाईल.

हे प्रथिन शुक्राणूत बसतं कसं, ते मात्र बाझलच्या भांड्यात दिसत नाही. त्यासाठी साल बदलू नका, आकार बदला. लहान व्हा, आणखी लहान, आणि माणसाच्या वृषणातल्या एखाद्या नलिकेत उतरा. नलिका पाव मिलिमीटरहूनही अरुंद आहे. इथलं तापमान अंगापेक्षा दोन-चार अंशांनी कमी. अंडकोष शरीराबाहेर लोंबतात ते याचसाठी. इथून पुढचा प्रवास सुमारे सत्तर दिवसांचा आहे. नक्की किती, यावर चौसष्ट आणि चौऱ्याहत्तर असे दोन्ही आकडे सांगितले जातात. तुम्ही मोजत बसू नका.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या उंच, फांद्या फुटल्यासारख्या पेशी दिसल्या? एन्रिको सर्टोली या इटालियन तरुणानं १८६५ मध्ये त्यांचं वर्णन केलं, तेव्हा तो जेमतेम तेवीस वर्षांचा होता. दोन शेजारी सर्टोली पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की रक्तातला पदार्थ परवानगीवाचून आत येत नाही. ती शिवण प्रथिनांची आहे, त्यांतलं एक क्लॉडिन-११. उंदरांमधून ते काढून टाकलं तर नर वांझ होतात. असा बंदोबस्त कशासाठी? शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा आपलं कोण नि परकं कोण हे लहानपणीच शिकून घेते, आणि शुक्राणू तयार होतात वयात आल्यावर. त्यांच्यावरची कितीतरी प्रथिनं तिनं कधी पाहिलेलीच नसतात. ही यंत्रणा आत शिरली तर स्वतःच्याच शुक्राणूंवर तुटून पडेल.

भिंतीजवळची पेशी विभागत जाते. शिवणीची एक बाजू तिच्या मागे मिटते, दुसरी तिच्यापुढे उघडते आणि ती नलिकेच्या मध्याकडे सरकते. विभागताना भावंडं पूर्ण सुटी होत नाहीत. त्यांच्यामध्ये पेशीरसाचे पूल राहतात. त्यामुळे एक्स गुणसूत्र मिळालेली आणि वाय मिळालेली पेशी शेवटपर्यंत एकाच पंगतीला जेवतात. गुणसूत्रं निम्मी झाली, की हातात राहते एक साधी गोल पेशी. ना डोक्याला आकार, ना शेपटी. उरलेत तीन-साडेतीन आठवडे, आणि बांधकाम सगळं व्हायचंय.

केंद्रकात शिरा. शरीराच्या इतर पेशींत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, हवा तेव्हा उलगडून वाचता येईल असा. इथे त्या रिळा काढायला सुरुवात झाली आहे. मधल्या काळापुरती बदली प्रथिनं येतात, धाग्याला जागोजागी चिरा पडतात, पीळ सैल होतो, चिरा परत सांधल्या जातात आणि मग प्रोटामाइन येऊन बसतं. माणसात साधारण ८५ ते ९५ टक्के हिस्टोन असे हटतात. मीटरभर लांबीचा डीएनए पाच मायक्रॉनच्या डोक्यात दाबून बसतो. एकदा हे झालं की त्यातलं काहीच वाचता येत नाही, म्हणून शेवटच्या टप्प्यातल्या प्रथिनांचे आराखडे पेशीनं आधीच उतरवून बाजूला ठेवलेले असतात, प्रोटामाइनचा धरून. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या गोल पेशीबद्दल आदरच वाटला.

माणसात प्रोटामाइनचे दोन प्रकार आहेत, आणि ते साधारण सारख्या प्रमाणात लागतात. प्रमाण ढळलेल्या पुरुषांमध्ये वंध्यत्व आणि तुटका डीएनए जास्त आढळतो. २००१ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं, की दोनांपैकी कुठल्याही एका प्रोटामाइनच्या जनुकाची दोनपैकी एक प्रत निकामी केली तरी नराचं प्रजनन थांबतं. निम्मा पुरवठा चालत नाही. बहुतेक जनुकांच्या बाबतीत एका प्रतीवर भागतं, इथे नाही.

बाहेर या. केंद्रकाच्या टोकावर विकरांची एक पिशवी टोपीसारखी बसते आहे. बीजाच्या आवरणातून वाट काढायला ती लागेल. तिला केंद्रकाशी सांधणारं एक प्रथिन आहे, त्याचं जनुक डीपीवाय१९एल२. ते नसलं की टोपी गळून जाते आणि डोकं गोलच राहतं. नमुन्यातला प्रत्येक शुक्राणू गोल डोक्याचा असतो अशा बऱ्याच पुरुषांमध्ये ते जनुकच गायब असल्याचं २०११ मध्ये कळलं. डोक्याच्या मागच्या अंगाला सूक्ष्मनलिकांची झालर येते, डोकं निमुळतं करते आणि काम झालं की मोडून टाकली जाते. जास्तीचा पेशीरस सर्टोली पेशी गिळून टाकते. मग शुक्राणू सुटतो, पण पोहत नाही. पुढे सहाएक मीटर लांबीच्या गुंडाळलेल्या नळीतून त्याला जायचंय. तिथे प्रोटामाइनचे रेणू गंधकाच्या बंधांनी एकमेकांत अडकतात आणि तिथेच शेपटी हलायला शिकते.

शेपटीसाठी आधी डेल्फ्टला एक धावती भेट. १६७७. कापडाचे व्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक स्वतः घासलेलं चिमुकलं भिंग डोळ्याला लावून उभे आहेत. लायडनच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्यानं एका रुग्णाच्या वीर्यात जिवंत प्राणी दिसल्याचं सांगितलं, म्हणून आता ते स्वतःचं वीर्य तपासताहेत. लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिताना, हा नमुना कुठल्याही पापकृत्यातून नव्हे तर पत्नीसोबतच्या सहवासातून मिळाला आहे, असा खुलासा करायला ते विसरत नाहीत. शेपटी ईलसारखी वळवळते, हेही लिहितात. ती वळवळते कशानं, याला पुढची जवळजवळ तीनशे वर्षं कुणाकडे उत्तर नाही. तुम्हीही इथे रेंगाळू नका.

१९७१. होनोलुलू. इयन गिबन्स आणि कीथ समर्स यांच्या पाठीमागे उभे राहा. डब्यांत समुद्री साळिंद्रं आहेत, कारण त्यांचे शुक्राणू भरपूर मिळतात आणि शेपटीची रचना माणसाच्या शेपटीशी जुळते: मधोमध दोन नलिका, भोवती नऊ जोड्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं ही मांडणी १९५०च्या दशकात दाखवली होती. नऊ जोड्यांच्या अंगाला छोटे हात असतात, आणि त्या हातांतलं प्रथिन याच गिबन्स यांनी १९६३ मध्ये एका एकपेशीय जीवाच्या अंगावरच्या बारीक, हलत्या केसांतून, म्हणजे रोमांमधून, वेगळं काढलं होतं. दोन वर्षांनी त्याला डायनीन हे नाव मिळालं. एटीपी फोडून त्यातली ऊर्जा ते वापरतं. नलिका ज्याच्या बनलेल्या असतात त्या प्रथिनालाही जपानच्या हिदेओ मोहरी यांनी १९६८ मध्ये समुद्री साळिंद्राच्याच शुक्राणूवरून नाव दिलं, ट्युब्युलिन.

आज या दोघांनी शेपटीचं आवरण काढलंय आणि तिला ट्रिप्सिन हे प्रथिनं पचवणारं विकर पाजलंय, तेही जेमतेम, सगळं पचून जाऊ नये इतकंच. नऊ जोड्यांना एकमेकींशी बांधणारे बारीक दुवे तुटलेत. आता एटीपीचा थेंब. काळ्या पार्श्वभूमीवर एक चकाकती रेघ दिसते, आणि बघता बघता ती लांब होते. वळत नाही, लांबच होते! एक जोडी दुसरीवरून घसरत बाहेर पडते आहे. म्हणजे शेपटीत आखडणारं काही नाही. हात फक्त शेजारणीला पुढे ढकलतात. मग अखंड शेपटी वळते कशी? आकाशकंदिलाच्या दोन कामट्या एका टोकाला घट्ट बांधा आणि दुसरीकडून एक पुढे ढकला. घसरायला वाव नाही म्हणून त्या वाकतात. दुवे शाबूत असले की घसरण वळणात बदलते. हालचाल हाताची, पण वळण बांधणीचं.

आता स्टॉकहोम, १९७५ च्या सुमारास. इथे बसा, कारण माझ्या मते या विषयातला सगळ्यात विलक्षण प्रसंग हा आहे. ब्योर्न अफझेलियस पन्नाशीला आलेत. शेपटीतले ते हात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात नीट दिसतील अशी पद्धत शोधून १९५९ मध्ये त्यांनीच ते समुद्री साळिंद्रात दाखवले होते. आज त्यांच्यासमोर माणसाच्या शेपटीचे आडवे छेद आहेत. नमुने वंध्यत्वाची तक्रार घेऊन आलेल्या पुरुषांचे. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली कोडं असं आहे: शुक्राणू आहेत, रंग टाकून पाहिलं तर जिवंत आहेत, आणि एकही हलत नाही. काड्यांसारखे सरळ पडलेत.

पडद्याकडे बघा. मधल्या दोन नलिका आहेत. नऊ जोड्या आहेत. मोजा, पूर्ण नऊ. पण जोड्यांना हात नाहीत. ज्या जागी पाहण्याची या माणसाच्या डोळ्यांना सोळा वर्षं सवय आहे, ती जागा मोकळी.

दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता. पण यांतल्या काहींना आणखी एक त्रास आहे: लहानपणापासून सर्दी, सायनस, छातीत कफ. श्वासनलिकेच्या आतल्या रोमांतही तीच नऊ जोड्यांची रचना असते. कफ वर ढकलणं हे त्यांचं काम. स्टॉकहोममधलेच सहकारी किरणोत्सर्गी खूण लावलेले कण श्वासातून देतात आणि किती वेळात ते बाहेर पडतात ते मोजतात. या रुग्णांमध्ये ते जागचे हलतच नाहीत. आणि आणखी एक गंमत. काहींचं हृदय उजवीकडे आहे, यकृत डावीकडे, पोटातलं सगळंच आरशात पाहिल्यासारखं. झुरिकच्या मानेस कार्टागेनर यांनी १९३३ मध्ये या तीन गोष्टी एकत्र आढळतात म्हणून नोंदवल्या होत्या: उलटे अवयव, सायनस, फुप्फुसाचा विकार. एकत्र का, ते कुणाला सुचलं नव्हतं.

अफझेलियस १९७६ मध्ये सुचवतात, की गर्भात अवयवांची डावी-उजवी बाजू ठरवणारे रोमही बहुधा असेच फिरत असावेत. ते फिरलेच नाहीत तर हृदय कुठल्या बाजूला जाईल हे नशिबावर सुटतं, निम्म्यांचं डावीकडे, निम्म्यांचं उजवीकडे. बावीस वर्षांनी, १९९८ मध्ये, तोक्योत नोबुताका हिरोकावा यांच्या प्रयोगशाळेनं उंदराच्या गर्भात ते फिरणारे रोम आणि त्यांनी निर्माण केलेला द्रवाचा प्रवाह दाखवला. अपत्य होत नाही म्हणून आलेल्या पुरुषाच्या शेपटीत हृदयाच्या जागेचं उत्तर निघालं.

त्या पुरुषांना मात्र मूल मिळालं नाही. परळला चला, ६ ऑगस्ट १९८६, केईएम रुग्णालय. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झालाय, आणि मुंबईचे पत्रकार दारात आहेत. पण या पद्धतीत बशीतसुद्धा शुक्राणूला स्वतः पोहून बीजात शिरावं लागतं. डायनीन नसलेल्याला बशी काय आणि गर्भाशय काय, सारखंच. त्याची सोय ब्रसेल्सला झाली. जानपिएरो पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलं, की एकच शुक्राणू सुईनं उचलून थेट बीजात सोडला तरी गर्भधारणा होते. पोहणं, टोपी, आवरण भेदणं, सगळ्याची सुट्टी. इक्सी नावानं ते आज जिल्ह्याच्या गावीही होतं.

माझं म्हणणं वादाचं वाटेल, तरी सांगतो. इक्सीनं हजारो घरं सुखी केली, आणि त्याच दमात पुरुषाच्या शुक्राणूबद्दलचं कुतूहल मारून टाकलं. सुईनं काम होतंय, मग शेपटी का हलत नाही हे विचारायचं कुणी? दोष शेपटीच्या प्रथिनात, पण रोजची हार्मोनची इंजेक्शनं, भूल, बीज काढण्याची सुई हे सगळं बाईच्या वाट्याला. आणि तपासणीचा कागद अजून मोजदादच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे मिलिलिटरला १६० लाख, हलणारे ४२ टक्के, आकारानं नीट ४ टक्के, या खालच्या मर्यादा. बांधणीबद्दल त्यात फारसं काही नसतं. गोल डोक्याच्या शुक्राणूत बीजाला जागं करणारं प्रथिनही नसतं, त्यामुळे सुई टोचूनही बीज निजलेलंच राहतं. ते आधी ठाऊक असेल तर बीजाला रसायनानं जागं करण्याची तयारी ठेवता येते. नसेल तर लाखभर रुपये आणि एक महिना गेला. डायनीनच्या एका जनुकातल्या दोषानं शेपट्या आखूड, वाकड्या किंवा गायब होतात, हे ग्रनोबलच्या गटानं २०१४ मध्ये दाखवलं. अशा पुरुषांना इक्सीचा चांगला उपयोग होतो. म्हणजे कागदावर दोघांचाही शेरा ‘आकार सदोष’, आणि पुढची वाट निराळी.

शेवटचा थांबा आजचा, पुण्यातला एखादा दवाखाना. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसा. समोर एक जोडपं, टेबलावर रिपोर्ट: संख्या उत्तम, हालचाल शून्य. नवरा खाली बघतोय. बायको म्हणते, “मॅडम, सगळे म्हणतात ह्यांनी उष्ण खाऊ नये, लॅपटॉप मांडीवर घेऊ नये. ह्यांनी सगळं बंद केलं.”

डॉक्टरबाई रिपोर्ट बाजूला ठेवतात. “लहानपणी कान फुटायचा का हो तुमचा?”

नवरा चमकून वर बघतो. कानाचा इथे काय संबंध, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलंय. तुम्हाला अंदाज आला असेल, त्याला नाही.

“दर पावसाळ्यात वाहायचा.”

“आणि सर्दी?”

उत्तर बायकोच देते. “अहो, आमच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत ह्यांच्या हातात रुमाल आहे.”

“हं. आधी छातीचा एक्स-रे काढून घ्या,” बाई लिहिता लिहिता म्हणतात, “आणि काढणाऱ्याला सांगा, डावी-उजवी बाजू नीट खूण करून दे म्हणावं.”